पाइप बदलला, जेट मात्र जुनेच

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : काका, मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी असतो. गेल्या हिवाळ्यात २००१ सालची यामाहा बॅन्शी ही टू-स्ट्रोक क्वाड (चार चाकांची मोटरसायकलच म्हणा) जुनी विकत घेतली. दोन्ही सिलिंडरना बाजारातले एक्स्पान्शन चेंबरचे पाइप बसवले, एअर बॉक्सचं (हवेच्या फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढून टाकलं, आत फोमचा फिल्टर घातला. कार्बोरेटरला, म्हणजे त्यातल्या पेट्रोल मापून सोडणाऱ्या जेटना, हात लावला नाही. एप्रिलमध्ये सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर नेली, तर गाडी सपाटीला अक्षरशः उडत होती. पण लांब चढावर थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवला की चार-पाच सेकंदांत जीव गेल्यासारखी व्हायची, सोडून परत दाबला की पुन्हा पळायची. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा आवाजही लगेच खाली येत नाही. घरी येऊन प्लग काढले. उजवा फिकट विटकरी, डावा खडूसारखा पांढरा. एक जण म्हणतो २८० चा मेन जेट टाक, दुसरा म्हणतो ३२० चा. पुण्यातला मित्र म्हणतो पेट्रोलमध्ये ऑइल वाढव, इंजिन वाचेल. नेमका कितीचा टाकू?

उत्तर : आधी गाडी उभी करा. जेटचा नंबर नंतर बघू.

तुमचं नशीब थोर, की त्या चढावर तुम्ही दर वेळी थ्रॉटल सोडलात. आणखी चार सेकंद दाबून ठेवला असता तर मला आलेलं पत्र ‘ब्लॉक-पिस्टन कुठे मिळेल’ असं असतं. टू-स्ट्रोक लीन झाली, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की लगेच रडत नाही हो. उलट गोड पळते, हलकी वाटते, पिकअप सणसणीत होतो. ‘सपाटीला अक्षरशः उडत होती’ असं तुम्ही लिहिलंय ना, ते वाचून मला धडकी भरली.

माझ्या टेबलावर एक जळका पिस्टन आहे, त्यात मी सुटे जेट ठेवतो. तो माझ्याच राजदूत ३५० चा. १९९२ च्या डिसेंबरात सायलेन्सरमधल्या जाळ्या काढल्या, एअर फिल्टरच्या डब्याला कानसीने भोकं पाडली, आवाज असा फुटला की अख्खी गल्ली बाहेर आली. जेट तेच ठेवले. पहाटे धुक्यात कोल्हापूरहून बेळगावला निघालो. निपाणीपर्यंत गाडी इतकी सुंदर कधीच पळाली नव्हती. तवंदीच्या घाटात चढावर मूठ पिळून धरली आणि मागचं चाक एकाएकी जाम. क्लच दाबायला सुचलं म्हणून आज हे लिहितोय. टेम्पोत घालून गाडी परत आणली. वस्तादांनी हेड उघडलं, पिस्टन हातात घेतला, मला एक शब्द बोलले नाहीत. नुसता पिस्टन फिरवून दाखवला : ओरखडे सगळे सायलेन्सरच्या अंगाला, काळे पट्टे, रिंगा खाचेत चिकटलेल्या, आणि मधला भाग वितळून लोण्यासारखा सरकलेला. इनटेकच्या बाजूला मात्र पिस्टन नवाकोरा.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं, की तुमची बॅन्शी माझ्या राजदूतची लांबची नाही, अगदी भावकीतलीच. आपल्याकडे १९८३ पासून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० म्हणून काढली ती यामाहाची आरडी ३५०. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४, दोन सिलिंडर मिळून ३४७ सीसी. १९८७ मध्ये अमेरिकेत बॅन्शी आली तिचेही आकडे तेच : ६४, ५४, ३४७. मोठा फरक असा की राजदूत हवेवर गार होते आणि तुमच्या गाडीला पाण्याचा रेडिएटर आहे. रेडिएटर आहे म्हणून पिस्टन वाचेल या भरवशावर राहू नका. पाणी सिलिंडरला गार ठेवतं. पिस्टनच्या टाळूला गार करतं ते आत येणारं पेट्रोल, आणि भिंतीला वंगण देतं ते त्या पेट्रोलबरोबर आलेलं ऑइल. पेट्रोल कमी पडलं की दोन्ही एकदम कमी.

आता पाइपकडे येऊ. टू-स्ट्रोकच्या पाइपला पोट असतं ते शोभेसाठी नाही. पोट फुगत जातं तिथे दाबाची लाट उलटून ओढ तयार होते आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेते, जाता जाता ताजं मिश्रणही थोडं बाहेर ओढते. पुढे पोट निमुळतं होतं तिथून लाट परत येते आणि बाहेर सांडलेलं ते मिश्रण एक्झॉस्ट पोर्ट (जळका वायू बाहेर जायचं दार) मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. हे शास्त्र पूर्व जर्मनीत त्स्शोपाउच्या एमझेड या मोटरसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात घासूनपुसून पक्कं केलं. त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर जगज्जेता झाला. पाइपच्या पोटात काय किंमत दडलीये ते यावरून समजा.

तर असा पाइप बसला की ठरावीक आरपीएमला सिलिंडर जास्त भरतो, आणि जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं. इथवर सगळ्यांना कळतं. झाकणाचं मात्र कुणी लक्षात घेत नाही. एअर बॉक्सला झाकण असताना हवेची वाट चिंचोळी, म्हणून कार्बोरेटरच्या गळ्यात ओढ जास्त, आणि तेवढ्याच भोकातून पेट्रोल जास्त वर येतं. झाकण काढलं की ओढ सैल पडते. म्हणजे पाइपने भूक वाढवली आणि झाकणाने वाढपी कमी केला. कंपनीचा २०० चा जेट दोन्ही बदलांनंतर अपुरा का पडतो ते आलं ना ध्यानात? नुसता पाइप बदलला असता आणि झाकण ठेवलं असतं तर एवढी मोठी उडी मारावी लागली नसती. खरं सांगू का, वाळूत आणि ओल्यात जाणार असाल तर मी झाकण परत लावायच्या मताचा आहे. दोन घोडे कमी मिळाले तर मिळू देत.

पण जेट विकत घ्यायच्या आधी डाव्या प्लगचं बघा. नुसता जेट लहान असता तर दोन्ही प्लग सारखेच पांढरे पडले असते. तुमचा उजवा बरा आणि डावा खडू, शिवाय थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लोंबकळतं, याचा अर्थ डाव्या सिलिंडरमध्ये कुठून तरी चोरून हवा शिरतेय. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येकाची क्रँककेस (क्रँक फिरतो तो खालचा बंद कप्पा) वेगळी असते, म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याला होत नाही. बॅन्शीला डाव्या अंगाला मॅग्नेटो (वीज तयार करणारा भाग) आहे, तिथलं क्रँकचं ऑइल सील कोरडं चालतं. ते कडक झालं की हवा ओढतं. उजव्या अंगाला क्लच आहे. तिकडचं सील गेलं की हवेऐवजी गिअर ऑइल आत येतं आणि पांढऱ्या धुराचा लोट सुटतो. तो तुमच्याकडे नाही, म्हणजे उजवं सील ठीक. सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, इनटेकचे रबर, आणि दोन इनटेकना जोडणारी ती छोटी नळी याही संशयाच्या जागा. वीस-पंचवीस वर्षांचं रबर बोटाने वाकवलं की बारीक भेगा दिसतात.

फवारा मारून गळती शोधायच्या भानगडीत पडू नका, तापलेल्या पाइपवर पेटला तर पंचाईत. एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचांनी बंद करा, प्लगच्या भोकातून किंवा इनटेकमधून हातपंपाने सहा पीएसआय हवा भरा आणि घड्याळ लावा. सहा मिनिटं काटा जागचा हलला नाही तर इंजिन बंदिस्त. उतरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे सांगतील कुठून. पंप सायकलचा चालतो, काटा मात्र कमी दाबाचा घ्या. शंभर पीएसआयच्या काट्यावर सहा दिसतच नाहीत. आणि हो, दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड (थ्रॉटल दाबला की वर जाणारे पडदे) एकाच वेळी उचलल्या जातात का तेही बघून घ्या. एअर बॉक्स काढून दोन्ही गळ्यांत एकेक बोट घाला, दुसऱ्याला थ्रॉटल दाबायला सांगा. एक बोट आधी सुटलं तर केबल जुळवा. डावी मागे राहिली असेल तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

गळती मिटवल्याशिवाय जेट बदलू नका. नाहीतर भोक बुजवायचं सोडून आत पेट्रोल ओतत बसाल, पुढे सील बदलाल त्या दिवशी गाडी चोक झाल्यासारखी होईल.

आता नंबर. तुमच्या दोन्ही मित्रांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या गाडीला खरं असेल. बॅन्शीत कंपनीचा मेन जेट २०० आणि पायलट (कमी थ्रॉटलला चालणारा छोटा जेट) २५. असे पाइप आणि उघडा फिल्टर असला की समुद्रसपाटीच्या आसपास साधारण २८० ते ३०० वर गाडी बसते. सिल्व्हर लेक मिशिगन सरोवराच्या काठावर, जेमतेम दोनशे मीटर उंचीला, म्हणजे उंचीची सूट तुम्हाला नाही. मिकुनीचे (तुमच्या कार्बोरेटरची कंपनी) २७० पासून ३२० पर्यंत दहा-दहाच्या अंतराने प्रत्येकी दोन मेन जेट आणा, पायलट २७.५ चे दोन. जुना जेट हातात धरून त्याच घडणीचे मागवा. केहिन या दुसऱ्या कंपनीचे नंबर आणि मिकुनीचे नंबर एकमेकांना लागू पडत नाहीत. सुरुवात ३२० पासून. वरून खाली यायचं, खालून वर कधीच जायचं नाही. जेट मोठा झाला तर गाडी भरभरेल, प्लग काळा होईल, तुम्ही शिव्या द्याल, पण पिस्टन शाबूत राहील.

कुठला भाग कधी काम करतो ते थ्रॉटलवर चिकटपट्टी लावून खुणा करून ठेवा. क्वाडला मूठ नसते, अंगठ्याची पट्टी असते, त्यामुळे खुणा करायला जागा कमी; बारीक पेन वापरा. बंद ते पाव : पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण : स्लाइडला लटकणारी सुई. पाऊणच्या पुढे : मेन जेट. सीमारेषा काटेकोर नाहीत, एकाच्या हद्दीत दुसरा डोकावतो. म्हणून मी आधी मेन, मग पायलट, शेवटी सुई असा जातो.

मेनसाठी नवे प्लग घाला, बी ८ ईएस किंवा बीआर ८ ईएस. इंजिन चांगलं तापवून घ्या, मग जुने प्लग काढून नवे लावा. सपाट, कठीण, मोकळ्या पट्ट्यावर चौथ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल द्या, आणि तो तसाच दाबलेला असताना किल स्विच आणि क्लच एकदम. थ्रॉटल मिटवून आरामात थांबलात तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढेल, तो बघून काही कळणार नाही. वर दिसणाऱ्या चिनी मातीकडे बघू नका. खोल बुडाशी, धातूला टेकते तिथे, एक कडं दिसतं, त्याचा रंग खरा. भिंग लागतं. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही, मी प्लगची चूडीच हॅकसॉने कापून टाकतो आणि आत बघतो. प्लग वाया जातो, पण पिस्टनपेक्षा स्वस्त. ते कडं दुधाच्या कॉफीच्या रंगाचं आलं की थांबा. काळं, ओलसर असेल तर दहा नंबर खाली. पांढरं, किंवा त्यावर मिरपुडीसारखे बारीक चमकते ठिपके दिसले तर खेळ बंद करून दोन पायऱ्या वर जा. ते ठिपके तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं.

कान वापरायलाही शिका. जेट मोठा असेल तर वरच्या आरपीएमला टू-स्ट्रोकची सलग किंकाळी न येता ‘भर्र-भर्र’ येतं, एक फेर सोडून एक पेटल्यासारखं. गाडी अडखळत असताना चोक थोडा ओढून बघा. सुधारली तर लीन होती, आणखी बिघडली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. याहून स्वस्त उपकरण मला अजून मिळालेलं नाही.

मेन बसला की पायलट. हवेचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा, तिथून अर्धा-अर्धा फेरा फिरवून आयडलिंग सर्वांत वर कुठे जातं ते बघा. हा हवेचा स्क्रू आहे, पेट्रोलचा नव्हे. बाहेर काढला की लीन होतं. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जावं लागलं तर पायलट एक पायरी लहान घ्या, एका फेऱ्याच्या आत राहिला तर मोठा. सुईची क्लिप मधल्या खाचेत ठेवा. अर्ध्या थ्रॉटलला हिसडे देत असेल तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त. इथे भलेभले गोंधळतात. क्लिप खाली, सुई वर.

पुण्याच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि त्याचा सल्ला बाजूला ठेवा. जेटच्या भोकातून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोलची जागा ऑइलने घेतली, म्हणजे मिश्रण आणखी लीन. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण एकच ठरवा आणि जेटिंग संपेपर्यंत बदलू नका. ३२ ला १ ठेवणार असाल तर लिटरला ३१ मिलिलिटर, तुमच्याकडच्या गॅलनला ११८. मापाचा पेला घ्या, बाटलीच्या झाकणाने अंदाज करू नका.

शेवटचं, ऋतूचं. एप्रिलच्या सकाळी पाच अंश आणि जुलैच्या दुपारी तीस अंश असेल तर थंड हवा साधारण नऊ टक्के जड भरते. म्हणजे एप्रिलला ३०० बसला तर जुलैत २८० लागू शकतो. जुलैत बसवलेला जेट तसाच ठेवून ऑक्टोबरच्या गार सकाळी टेकडीवर गेलात, तर माझ्या तवंदीची आठवण काढा. एक वही करा : तारीख, तापमान, जेट, प्लगचा रंग.

प्रश्न : मी महाडला राहतो. आरएक्स १०० ला मागच्या वर्षी दुसरा सायलेन्सर लावून जेट बसवून घेतला. खाली गाडी झकास, पण आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलो की दम लागतो, प्लग काळा होतो. सायलेन्सर बदलू का?

उत्तर : सायलेन्सरला दोष देऊ नका. महाड समुद्रसपाटीशी, महाबळेश्वर १३७२ मीटर. वर हवा सुमारे एक अष्टमांश विरळ, पेट्रोल मात्र जेट तेवढंच देतो. रिच होणारच. वर आठवडाभर मुक्काम असेल तर मेन जेट एक-दोन पायऱ्या लहान घाला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार असाल तर आहे ते राहू द्या. लहान जेट घालून महाडला उतरलात तर ज्या दुखण्यावर वरती एवढं लिहिलंय ते ओढवून घ्याल. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण मिटवून गिअरवर गाडी सोडू नका. मधूनमधून मूठ थोडी पिळा, पिस्टनला ऑइल मिळू दे.

प्रश्न : इथल्या मिस्त्रीने नवा जेट मिळत नाही म्हणून जुनाच जेट ब्रेक केबलच्या तारेने कोरून मोठा करून दिला. गाडी बरी चालते. चालेल ना?

उत्तर : किती मोठा झाला, हे त्यालाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पितळ मऊ असतं, तार पोलादाची. भोक गोल राहत नाही, आत ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी दुरुस्त करायला मागचा आकडाच उरत नाही. मीही तरुणपणी असे जेट कोरलेत, वर झाळून पुन्हा भोकं पाडलीत. बाजारात जेट मिळत नव्हते तेव्हाची ती गोष्ट. आता मिळतात. जेटवर नंबर कोरलेला असतो तो वाचून एक पायरी वरचा आणि एक खालचा असे दोन्ही मागवा, आणि हा कोरलेला मिस्त्रीला परत देऊ नका, तो दुसऱ्याच्या गाडीत घालेल.